जनावर म्हणजे कोणतं

शिकारीला निघताना चप्पल काढून कमरेला बांधायची, कारण चप्पल बोलते आणि अनवाणी पाय बोलत नाही, हे मी शाळेतल्या पोरींना अशा थाटात सांगायची की ऐकणारीला वाटावं, ही पोर वाघांच्या मागं फिरूनच मोठी झाली. वाक्य अब्बांचं होतं. माझी स्वतःची मर्दुमकी म्हणाल तर अंड्यांवर बसलेली एक कोंबडी एकदा पिसं फुलवून अंगावर आली, तेव्हा मी ज्वारीच्या कणगीवर चढून बसले होते आणि मला खाली उतरवायला अम्मीला शेजारीण बोलवावी लागली होती. पण स्वप्नं बघायला कोंबडीची परवानगी लागत नाही. मुसळ खांद्याला लावून मी अंगणातला रांजण, शेळी, गल्लीतून जाणारे मौलवीसाहेब, सगळ्यांना टिपून काढलं होतं. मला एकच डोळा मिटता यायचा नाही, दोन्ही मिटायचे, त्यामुळं नेम नेहमी आंधळाच. नातवंडं विचारतात, 'दादी, तू लहानपणी कशी होतीस?' मी म्हणते, 'होते एक येडी. तुमच्यापेक्षा थोडी जास्तच.'

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. तिथून शहराला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. (शहर म्हणजे कोणतं ते तुम्हाला कळतंय. त्याचं नाव तेव्हा एक होतं, आज दुसरं आहे. मी नुसतं शहर म्हणते, म्हणजे या वयात कुणाशी भांडण नको.) अब्बा पिंजारी. थंडी पडायला लागली की गावोगावच्या गाद्या-रजया आमच्या ओसरीत येऊन पडायच्या आणि घरात दिवसभर धुनकीचा आवाज चालायचा. धुनकी म्हणजे छताला टांगलेलं माणसाएवढं धनुष्य. त्याची तात कापसात धरायची आणि लाकडी दस्त्यानं तिला ठोका द्यायचा. धुन्न, धुन्न, तांय. वर्षानुवर्षं दबलेला कापूस त्या आवाजानं घाबरल्यासारखा उडायचा आणि हलका होऊन खाली पडायचा. आमच्या डाळीत कापूस, भाकरीच्या पिठात कापूस, अम्मीच्या पापण्यांवर कापूस. अब्बांच्या दाढीत तर इतका असायचा की ते म्हातारे कधी झाले ते आम्हाला कळलंच नाही. सकाळी खिचडी आणि चिंचेचा खट्टा, दुपारी भाकर आणि अंबाडीची भाजी, आणि अब्बांच्या हाताला कधी तितर लागला तर त्या रात्री घरात ईद.

घरात आम्ही दख्खनी बोलायचो, उंबऱ्याबाहेर मराठी. इथं मी सगळंच मराठीत लिहिते आहे. कुठं जीभ घसरली तर घसरू द्या.

अब्बांकडं परवान्याची एकनळी बंदूक होती. पिकाच्या राखणीसाठी सरकारनं दिलेली. त्या काळी चालायचं ते. पुढं शिकारबंदीचा कायदा आला, आणि मी शिकाऱ्याची मुलगी असून सांगते, बरंच झालं. अब्बांना शिकारीचा शौक होता असं म्हणवत नाही. ते रानात निघायचे तेव्हा चेहऱ्यानं दमलेले असायचे, पण चालायला लागले की मात्र दुसराच माणूस व्हायचे. बाकीचे वाऱ्याची दिशा बघायला चिमूटभर माती उडवत, अब्बा दाढीतला कापसाचा एक तंतू काढून हवेत सोडत. तो कुठं जातो ते बघत, मग पाय उचलत. टाच शेवटी टेकायची. खोकला आला तर गिळायचा. जखमी जनावर मागं ठेवून घरी यायचं नाही, मग संध्याकाळ होवो की सकाळ. मी एकदा विचारलं होतं, 'अब्बा, जीप असती तर किती बरं झालं असतं ना?' तेव्हा म्हणाले, 'पायानं जाणारा माणूस जनावराच्या घरात पाहुण्यासारखा जातो गं. जीपवाला जप्ती आणल्यासारखा.' मला ते मुळीच पटलं नव्हतं. मला जीप हवी होती, वर गॉगलही हवा होता.

आता ज्या जनावरासाठी ही बंदूक होती त्याबद्दल. ते जनावर म्हणजे रानडुक्कर, आणि त्याचं नाव आमच्या घरात घेत नसत. 'बद' म्हणायचे, बद म्हणजे वाईट. बद जनावर, आणि घाईत नुसतं जनावर. माझी फुफ्फी, म्हणजे अब्बांची बहीण, म्हणायची, ते नाव घेतलं की चाळीस दिवस जीभ नापाक राहते. मी एकदा गोधडीत तोंड खुपसून ते नाव तीनदा घेऊन बघितलं, जीभ आरशात पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी इमानदारीत कमी जेवले. अब्बा ते मारायचे, पण हात लावायचे नाहीत. गावातल्या शेतकऱ्यांसाठी मारायचे. मग विहिरीवर अंघोळ, मग बंदूक पुसायची, मगच उंबरा. शेतकरी ते आपल्या घरी शिजवायचे आणि काळ्या मसाल्याचा वास गल्लीभर पसरायचा. अम्मी खिडकी लावून घ्यायची. मी बाहेर जाऊन उभी राहायची. वास घेतला तर गुनाह लागतो का, असं मी मौलवीसाहेबांना विचारलं होतं. त्यांनी उत्तर देण्याऐवजी छडी शोधायला सुरुवात केली.

अब्बांना बोलवायला यायचे ते किसनमामा. त्यांची शेती डोंगराला लागून, ओढ्याच्या काठी, त्यामुळं उपद्रव पहिला त्यांना. हा माणूस गावात शिवी द्यायची तर त्या जनावराच्या नावाशिवाय वाक्य पुरं करायचा नाही. बैलाला, सरपंचाला, स्वतःच्या थोरल्या भावाला, सगळ्यांना तीच पदवी. पण आमच्या दाराच्या पडद्यासमोर आला की टोपी सारखी करून, खाली बघून म्हणायचा, 'भाभी, जनावर आलंय कणसात. भाईला सांगा.' आमच्या घराची अदब म्हणून त्यानं हे आपणहून धरलं होतं, कुणी शिकवलं नव्हतं. अम्मीला त्याचं फार कौतुक. ती म्हणायची, 'किसनभाईची जीभ आमच्या दारात वजू करून येते, नमाजाला धुऊन यावं तशी.'

आणि दुसरी एक गोष्ट होती, तीही आम्हाला ठाऊक होती. डोंगरकडेचे शेतकरी बिबट्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की ते येतं म्हणत. त्यालाही म्हणायचे जनावर. बिबट्या क्वचित खाली उतरायचा, वर्षा-दोन वर्षांत एखादी शेळी न्यायचा, आणि लोक हळू आवाजात म्हणायचे, जनावर फिरून गेलं. एका शब्दामागं अदब लपलेली आणि त्याच शब्दामागं भीती लपलेली. इतकी वर्षं या दोन गोष्टी एकाच गावात नांदल्या, पण त्या एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

त्या हिवाळ्यात डोंगरातल्या रस्त्यावर जीप यायला लागली. शहरातले कुणी साहेब होते. त्यांच्या जीपला मोठा दिवा होता. संध्याकाळ झाली की ती घाटात घुरघुरत चढायची आणि तिचा उजेड झाडांवरून असा फिरायचा की आमच्या शेळ्या दाव्याला हिसके द्यायच्या. मी गच्चीवर उभी राहून त्या उजेडाकडं बघायची आणि सुस्कारे सोडायची. त्या वयात पोरी कुणाकुणासाठी सुस्कारे सोडतात. मी जीपसाठी सोडले. एका संध्याकाळी बार ऐकू आले. एक, आणि घाईघाईत दुसरा. मग जीप थोडा वेळ जागीच घुरघुरली आणि निघून गेली. अब्बा ओसरीत रजई टाचत होते. त्यांची सुई थांबली. 'दुसरा बार गडबडीत झाला,' ते म्हणाले. 'आणि खाली कुणी उतरलं नाय. दार वाजलं नाय जीपचं.'

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनमामा आले. धावत आले होते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. अब्बा मागच्या खोलीत कापूस पिंजत होते, धुनकीच्या आवाजात त्यांना हाक ऐकू जायची नाही. अम्मी पडद्याआड भाकरी थापत होती आणि मी तिच्याजवळ बसून गूळ चोरत होते. किसनमामा म्हणाले, 'भाभी, जनावर बसलंय वढ्याच्या ज्वारीत. जखमी हाय. भाईला सांगा, मी वस्तीवरनं माणसं घिऊन येतो.' आणि उत्तराची वाट न बघता गेलेही. अम्मीनं पिठाच्या हातानंच मागं जाऊन सांगितलं, 'किसनभाई आए थे. ज्वारी में जनावर बैठा है, जख्मी.' धुनकी थांबली. अब्बा म्हणाले, 'म्हणजे काल जीपवाल्यांनी अर्धवट सोडलं. कुठं लागलंय त्याला?' 'ते नाय सांगितलं.' 'किसन थांबला नाय?' 'माणसं आणायला गेला.' अब्बांनी अंगातल्या कापूस भरलेल्या बंडीवरच काडतुसांचा पट्टा अडकवला, बंदूक घेतली, चपला काढून कमरेला बांधल्या. माणसांची वाट बघा, असं अम्मी म्हणाली. ते म्हणाले, 'माणसं येऊन गलका करतील, ते उठून पळेल, आणि मग रात्रभर कुठं तरी कण्हत पडेल. मी नुसता बांधावर जाऊन उभा राहतो.'

हे बांधावर उभं राहणं काय होतं, ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. बद जनावर जखमी झालं की सरळ अंगावर येतं, तोफेच्या गोळ्यासारखं, पण खालून येतं. मान वर करत नाही, उडी मारत नाही. म्हणून पायी शिकार करणारा माणूस कमरेएवढ्या दगडी बांधावर उभा राहिला की निम्मा घरी पोचला समजायचं. तिथून बंदुकीचं तोंड खाली, ज्वारीच्या बुडख्यांकडं धरून शांत उभं राहायचं. अब्बांनी हे आयुष्यभर केलं होतं. त्या जनावरासाठी कमरेएवढा दगड म्हणजे किल्ला. बिबट्यासाठी पायरी.

अब्बा गेल्यावर अम्मीनं उरलेल्या भाकरी केल्या. मी मुसळ घेऊन अंगणात उभी होते आणि 'मलाही न्यायला हवं होतं' या विषयावर शेळीला भाषण देत होते. तेवढ्यात किसनमामा आणि वस्तीवरचे लोक आले. कुऱ्हाडी होत्या, काठ्या होत्या, एकानं पत्र्याचा डबा आणला होता. अम्मी पडद्यातून बघत होती. ती एकदम म्हणाली, 'कुत्री कुठायत?'

कारण किसनमामांची कुत्री त्या शिकारीला सगळ्यांच्या पुढं असायची. आवरायची नाहीत.

'कुत्री कशाला येतेत भाभी,' मामा म्हणाले. 'वास आला की मुतायला लागलीत. घरात घुसून बसलीत भाड्याची.'

अम्मीनं पडदा बाजूला केला. माझ्या आठवणीत तिनं परक्या माणसांसमोर पडदा बाजूला केला तो हा एकदाच. 'किसनभाई,' ती म्हणाली, 'कोणतं जनावर?'

मामांनी तिच्याकडं बघितलं. मग ओसरीत बघितलं, बंदुकीच्या खुंटीकडं. 'भाई कुठं हायती?'

'गेले.'

'एकटेच?' मग त्यांनी ते नाव घेतलं. त्यांनी आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच ते मोठ्यानं घेतलं असेल. 'बिबट्या हाय वो भाभी! मी सांगितलं की! जनावर म्हणलं की मी!'

अम्मीनं माझ्या पाठीवर दोन्ही हातांनी ढकललं. पिठाचे हात. 'दौड,' ती म्हणाली. 'तू लवकर पोचशील. दौड!'

ओढ्याकडं गाडीवाट लांबून जायची. शेळ्यांची वाट घळीतून सरळ उतरायची. ती वाट त्या माणसांपेक्षा मला जास्त पाठ होती. मी पळाले. जी पोर रोज वाघाला सामोरी जात होती, तिच्या हातात अजून मुसळ होतं. ते मी घळीच्या तोंडाशी कुठं तरी टाकलं. काटे लागले असतील, मला आठवत नाही. आठवतो तो माझ्याच श्वासाचा आवाज, आणि मनात एकच घोळणारी गोष्ट, की अब्बा चपला काढून गेलेत, त्यांच्या पायांचा आवाज येणार नाही, म्हणजे त्याला कळणारही नाही ते किती जवळ आलेत. अनवाणी पायांची एवढी बढाई मारणारी मी, त्या दिवशी मनातल्या मनात म्हणत होते, अब्बा, आवाज करा. खोका. काही तरी करा.

ओढा ओलांडला आणि अब्बा दिसले. बांधावर उभे होते. पाठ माझ्याकडं. पांढरी बंडी, केसांत कापूस, बंदुकीचं तोंड खाली. समोर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, कणसं नुकती धरलेली, आणि त्यात वारं नव्हतं. इतकी शांत संध्याकाळ व्हायच्या आधीची वेळ, की लांबच्या कुठल्या तरी शेतातली मोट ऐकू येत होती. मी ओरडले. आणि काय ओरडले ते ऐका. शाळेत पहिला नंबर काढणारी, दोन भाषा बोलणारी, अब्बांची हुशार लेक ओरडली:

'अब्बा! जनावर! अब्बा, जनावर!'

अब्बांनी मान वळवली नाही. फक्त डावा हात मागं केला, पंजा खाली दाबला. बस. माहीत आहे मला. गप्प बस.

मी जिभेला शोधत होते, जीभ सापडत नव्हती. बिबट्या हा शब्द तोंडाशी येईना, आमच्या दख्खनीत त्याला चित्ता म्हणतात, तोही येईना. किसनमामांच्या लोकांनी त्या नावाला कुलूप घातलं होतं आणि मला वाटतं, मी त्यांच्या पोरींबरोबर खेळून ते कुलूप माझ्याही तोंडाला लावून घेतलं होतं. मग एकदम सगळं बाहेर आलं. 'बद नाय अब्बा! चित्ता! चित्ता आहे!'

पुढचं मी पाहिलं, पण सांगता येईल असं पाहिलं नाही. ज्वारी वाकली. खालून नाही, मधूनच वाकली. पिवळं काही तरी वर आलं, बांधापेक्षा वर, अब्बांच्या छातीच्या उंचीला. बार झाला. बंदूक कुठं होती, वर होती की खाली, ते मला दिसलं नाही. मग अब्बा बांधावर नव्हते. बांधापलीकडून आवाज येत होता, अब्बांचा नव्हे, आणि तो आवाज लाकूड चिरल्यासारखा होता. मी पुढं गेले नाही. मी जागची हललेही नाही, एवढंच काय ते माझं शिकारीपण. माझ्या अंगावरून किसनमामा धावत गेले, त्यांच्यामागं बाकीचे, आणि कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले, आणि मग कुणी तरी म्हणालं, 'मेलं, मेलं, ऱ्हाऊ दे किसन, मेलं ते.' मामा तरी मारतच होते. ते रडत होते आणि त्याला शिव्या देत होते, आणि शिवी तीच होती, बैलाला आणि सरपंचाला द्यायचे ती.

अब्बांचा उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत उघडा पडला होता. मामांनी स्वतःचं धोतर फाडून बांधलं. धोतर लगेच लाल झालं. गावातून शहर म्हणजे बैलगाडीनं फुलंब्री, तिथं मोटार मिळाली तर मोटार. सगळ्यांना ठाऊक होतं, इतका वेळ नव्हता. आणि रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. साहेब उजेडी आपलं जनावर शोधायला आले होते, सोबत जेवणाचे डबे घेऊन. हे मी रागानं लिहिलं असतं, पण माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड आहे. त्यानं अब्बांचा हात बघितला आणि डबे रस्त्यावर फेकले. 'उचला, लवकर उचला.' अब्बांना चार जणांनी मागं ठेवलं. अम्मी कशी आली, कधी चढली, मी पाहिलं नाही. अब्बांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मीही चढले. मग साहेब थोडं ओशाळून म्हणाले, 'तेही घ्या वर. पहिली गोळी आमची आहे.' शिकारीत तसा रिवाजच होता, पहिली गोळी ज्याची, शिकार त्याची. किसनमामांनी दोघांच्या मदतीनं बिबट्याला ओढत आणलं आणि माझ्या पायाशी टाकलं.

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसले. एका बाजूला अब्बा, एका बाजूला ते. रस्त्याला खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याला दोघांचंही अंग सारखंच हलायचं. अम्मीच्या ओठांवर कुराणातली आयत चालली होती, मला तिचा शब्द ऐकू येत नव्हता, फक्त ओठ. बिबट्याच्या मागच्या मांडीत जुनी जखम होती, कालची. तिच्यावर माती सुकली होती. फुलंब्रीच्या अलीकडं अब्बांनी डोळे उघडले. 'संपलं का ते?' त्यांनी विचारलं.

'हो अब्बा. मामांनी मारलं.'

'हात लावून बघ. डोळ्याला.'

अम्मी म्हणाली, 'राहू द्या हो, पोर आहे.' अब्बा म्हणाले, 'बघ बेटा. डोळा हलला तर सांग.' जखमी जनावर मागं सोडायचं नाही हे त्यांना त्या अर्धवट शुद्धीतही टाकवत नव्हतं. मी बोट पुढं केलं. त्याचा एक डोळा उघडा होता, मधासारखा, आणि त्यात जीपच्या छपराची पट्टी दिसत होती. मी बोट टेकवलं. डोळा ओला होता, आणि अजून गरम. हलला नाही. 'नाय हलत अब्बा,' मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, आणि मग दवाखान्याच्या दारापर्यंत मी त्यांच्या बंडीवरचा कापूस बघत बसले, तो श्वासाबरोबर वरखाली होतोय ना एवढंच. हल्ली कुठल्याशा सोसायटीच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की नातू मोबाइल नाचवत येतो, 'दादी, बघ बघ!' मी म्हणते, बघितलाय बाबा. तो म्हणतो, झूमध्ये? मी म्हणते, हो, झूमध्ये.

अब्बा वाचले. हात वाचला, पण खांद्यापासून असा लोंबत राहिला की दुसऱ्याचा कुणाचा तरी सांभाळायला घेतला असावा. बंदूक त्यांनी सरकारला परत केली. धुनकी बरेच दिवस छताला नुसती टांगलेली होती आणि त्या हिवाळ्यात आमच्या डाळीत पहिल्यांदा कापूस नव्हता. घर इतकं स्वच्छ होतं की अम्मीला ते सहन होईना. शेवटी एक दिवस तिनंच दस्ता हातात घेतला. पिंजाऱ्याच्या बायका कापूस निवडतात, रजया टाचतात. धुनकीला हात लावत नाहीत. अब्बा खाटेवरून बघत राहिले. तिचा पहिला ठोका चुकला, तात तिच्या मनगटावर बसली, तिनं मनगट चोखलं आणि पुन्हा मारला. अब्बा म्हणाले, 'वर नको मारू, बाजूनं मार.' तेवढंच.

किसनमामा मात्र फार दिवस आले नाहीत. गावात समोर दिसले की दुसऱ्या गल्लीनं जायचे. माणूस वाळत चालला. अब्बा एके दिवशी उठून, तो लोंबता हात दुसऱ्या हातात धरून त्यांच्या शेतावर गेले. मीही मागं गेले. मामा बांधावर बसले होते, उठले. अब्बा म्हणाले, 'किसन, तू आमच्या दाराची अदब राखलीस. तिला काय शिक्षा देतोस?' मामा म्हणाले, 'भाई, मी माझ्या जिभेला काय शिक्षा देऊ ते सांगा.' अब्बा म्हणाले, 'हुरडा आलाय का?' मग तिघांनी हुरडा खाल्ला. कणसं गरम होती म्हणून बरं झालं. हात फुंकायला निमित्त होतं.

मी मात्र एक गोष्ट पुढं आयुष्यभर बरोबर वागवली. लग्न झालं, शहरात आले, पोरं झाली, तरी भाकरी थापताना कधी कधी हात थांबायचा. मी आधी 'जनावर' ओरडले होते. अब्बांनी हातानं गप्प केलं होतं. मग खरं नाव ओरडले, आणि त्याच क्षणी ते आलं. माझ्या ओरडण्यानं ते उठलं का? की माझं ऐकून अब्बांनी बंदूक वर केली, म्हणून गोळी त्याच्या छातीत बसली आणि अब्बांचं फक्त हातावर निभावलं? अब्बा लोकांना नेहमी सांगायचे, माझ्या लेकीनं वाचवलं. पण अब्बा असा माणूस, की मी त्यांना मारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. त्यामुळं त्यांच्या सांगण्यावर माझा विश्वास नव्हता.

त्यांच्या अखेरच्या दिवसांत ते माझ्याकडं होते. बाल्कनीत खाट टाकली होती, खाली रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट. मी त्यांना चहात बुडवून पाव देत होते. अचानक विचारलं. आधी ठरवलं नव्हतं. 'अब्बा, खरं सांगा. बंदूक वर कधी केली? मी पहिल्यांदा ओरडले तेव्हा, की नाव घेतलं तेव्हा?'

ते बराच वेळ चघळत राहिले. दात नव्हते, वेळ लागायचा. 'कोणतं नाव?' त्यांनी विचारलं.

'मी आधी नुसतं जनावर म्हटलं ना. मग चित्ता म्हटलं.'

'ते नाय मला ऐकू आलं.'

'मग तुम्ही हात का केला? गप्प बस म्हणून?'

'सवयीनं केला असंल. पण बंदूक तेव्हाच वर गेली, तुझ्या पहिल्या हाकेलाच.' त्यांनी डाव्या हातानं मिशीवरचा चहा पुसला. 'शब्द कुणाला ऐकू येतोय बेटा? तुझा आवाज ऐकला. असा आवाज त्या बद जनावरासाठी कुणी काढत नाय.'